झाकलेल्या ढोलाभोवती

मंगळवार, १४ जानेवारी १९८६
शिकागो

सगळ्यांत आधी आली ती फरची टोपी घातलेली बाई. तिच्यामागून तो उंच, सारखा घड्याळ बघणारा माणूस. आणि त्यानंतर दारात थांबून, बुटांवरचं बर्फ पायपुसण्यावर नीट झटकून, मी लहानपणी शिकवलं होतं तसं, तू.

प्रताप, मी तिथे होतो तर आई हे मला कशाला लिहिते आहे, असं तुला वाटेल. लिहिते, कारण तू बघत नव्हतास. तू छताखालच्या पाइपांकडे बघत होतास, कॉफीच्या मोठ्या भांड्याकडे बघत होतास, भिंतीवरच्या फोटोंकडे बघत होतास. एवढ्या मोठ्या तळघरात तुला फक्त आई दिसली नाही.

आज संक्रांत. आज गोड बोलायचं असतं, ते मला ठाऊक आहे. ते उद्या बोलेन. आशीर्वादही शेवटी लिहिते, राग आधी लिहून घेते, नाहीतर तो निवेल आणि मग तुझंच फावेल.

तुझ्या ऑफिसचा जो धर्मादाय फंड आहे, त्यातून आमचा व्यायामाचा वर्ग चालतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. त्या फंडाच्या कमिटीवर तू आहेस, हेही माहीत नव्हतं. तुझ्या बहिणीला, सुलेखालाही नसणार, नाहीतर ती बोलली असती. तिच्या पोटात काही राहत नाही. आणि तुलाही माहीत नसेल की त्या वर्गात दर वेळी तिसऱ्या खुर्चीवर तुझी आई बसते. मानलं. पण आत आल्यावर तर कळलं ना.

फंडाच्या कागदांवर या वर्गातल्या लोकांचं काय लिहिलं आहे देव जाणे, मी माझ्या शब्दांत सांगते. आपण सगळे इथे उपरे, तू, मी आणि तुझी ती फरची टोपीवाली हॅलोरनबाईसुद्धा. हे लोक इथले, मूळचे आदिवासी. ही सगळी जमीन ज्यांची होती ते. सरकारने त्यांना त्यांच्या वस्त्यांवरून, शहरात चला, नोकऱ्या देतो, असं सांगून शिकागोला आणून सोडलं. तेव्हा ते तरणेताठे होते. कारखान्यांत उभं राहून राहून गुडघे गेले, आणि रक्तात साखर शिरली. आपली सुलेखा दर मंगळवारी आणि गुरुवारी त्यांच्या समाजाच्या हॉलच्या तळघरात त्यांचा व्यायाम घेते. व्यायाम म्हणजे तुझ्या त्या जिमसारखा नव्हे. मध्ये ढोल ठेवलेला असतो, वॉलेस म्हणून एक म्हातारा तो वाजवायचा, आणि बाकी सगळे त्याभोवती बारीक पावलं टाकत फिरायचे. पाऊल टाकताना गुडघा जरासा वाकवायचा, पुन्हा सरळ. सुलेखाचं डॉक्टरी शास्त्र आणि त्यांची चाल, दोन्ही एकात एक बसवलेलं. ज्याला उभं राहवत नाही तो खुर्चीतून पाय हलवतो. माझे गुडघे तुझ्या घरी दाराच्या बिजागरीसारखे कुरकुरायचे, आठवतं? आता मी आगगाडीच्या पुलाचा जिना एकटी चढते. लोरेन म्हणते, सू, तुझ्या मागून येताना मला धाप लागते. ती मला सू म्हणते. सुमित्रा तिच्या तोंडात मावत नाही.

लोरेन म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावून माझ्या शेजारी बसली होती ती. तिच्या खांद्यावर काळी शाल होती. तिच्याशी तू हात मिळवलास. माझ्याशीही मिळवलास.

आता ते लिहिते.

मी सकाळी उठून तिळगुळाच्या वड्या केल्या होत्या. गूळ इथे चांगला मिळत नाही, मराठी मंडळातल्या कांचनच्या दुकानातून आणवला. कूट जास्त घातलं, तुला आवडतं तसं, कारण हाताला तीच सवय आहे. सगळ्यांना वाटल्या. अल्विन म्हणून आमच्यात एक बस दुरुस्त करणारा म्हातारा आहे, त्याने वडी दाताखाली घेतली आणि म्हणाला, सू, ही खायची आहे की भिंतीत बसवायची? लोरेनने पहिली वडी स्वतः खाल्ली नाही, घोंगडीने झाकलेल्या ढोलाजवळ नेऊन ठेवली. आणि नेमके तेव्हा तुम्ही तिघे जिना उतरून आलात.

हॅलोरनबाईने माझी साडी पाहिली. इंग्रजी मला बोलता येत नाही, पण ऐकता येतं, ते तू विसरलास. ती म्हणाली, प्रताप, बघ, तुमच्याकडची आजी. हिला बघून तुला आईची आठवण येत असेल.

आणि तू म्हणालास, माझी आई इंडियाला परत गेली.

मग तू हात पुढे केलास. माझ्या हातात ताटली होती, म्हणून मी ताटली पुढे केली. तू म्हणालास, नो, थँक यू. मग मी ताटली खाली ठेवली आणि तुझ्याशी हात मिळवला, कारण चार लोक बघत होते. तुझा हात गार होता. हातमोजे घातले नव्हतेस.

मी तुझं भांडं तिथल्या तिथे फोडू शकले असते. बाळा, कान झाक, वारा लागेल, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. नाही म्हटलं. तुझ्या साहेबिणीसमोर तुला खोटं पाडावंसं वाटलं नाही. आणि आता या कागदावर माझ्या अंगाची लाही लाही होते आहे, की तू मला नाकारलंस तेव्हा मी तुझीच लाज झाकत बसले.

सुलेखा तेव्हा नव्हती, व्हॅन घेऊन एका बाईला आणायला गेली होती. ती आली तोवर तुमची गाडी निघाली होती. मी तिला काही सांगितलेलं नाही.

शैलाला आणि सीमाला पुष्कळ आशीर्वाद. तुला अर्धा.

आई


गुरुवार, २३ जानेवारी

प्रताप,

तुझा फोन आला तेव्हा मी ठेवून दिला, कारण फोनवर मला रडू येतं आणि रागावता येत नाही. कागदावर बरोबर उलटं होतं.

फोन उचलण्याआधी काय झालं होतं ते ऐक. त्याच दुपारी हॅलोरनबाईने सुलेखाला कळवलं की फेब्रुवारीअखेर वर्ग बंद. कारणं दोन. एक, माणसं व्यायाम करत नाहीत, खुर्च्या लावून बसतात आणि कॉफी पितात. दुसरं, साखरेच्या रोग्यांना वर्गात गोड खायला देतात.

ते दुसरं कारण मी आहे. माझ्या वड्या. सुलेखा नुसती ओट्याशी उभी राहून कुकरचं झाकण उघडझाप करत होती. मग म्हणाली, आई, तू सणाला केलंस, तुला काय माहीत. म्हणजे मला दोष न देता दिला. मला तिचं पटलं. तीळ आणि गूळ घेऊन त्या वर्गात जावं, एवढी अक्कल मलाच सुचू शकते. पण प्रताप, त्या खोलीत दुसरं एक माणूस होतं ज्याला संक्रांत काय ते माहीत होतं. वर्षातून एकदा चिमूटभर वाटतात, रोज कुणी खात नाही, एवढं तू बाईच्या कानात सांगू शकला असतास. तू तर नो थँक यू म्हणून मोकळा झालास.

आणि पहिलं कारण. ते मला झोपू देत नाही.

ते बसले होते कारण वॉलेस गेला. नाताळच्या आधी गेला, हृदयाने. तो लोरेनचा सख्खा भाऊ. त्यांच्यात प्रत्येक जमातीची रीत वेगळी, लोरेनच्या घरची अशी आहे की माणूस गेलं की घरचे वर्षभर नाचाचं पाऊल टाकत नाहीत. आणि वॉलेसचा ढोल झाकून ठेवायचा, लोरेनकडचे सगळ्यांना बोलावून जेवू घालतील तोवर. बाकीच्यांवर बंधन नाही, पण त्यांनी ठरवलं की लोरेन बसली आहे तोवर आपणही तिच्याबरोबर बसायचं. घरी नाही बसायचं, वर्गाला यायचं, आणि तिथे बसायचं. घरी बसली तर ती एकटी पडेल. मला हे कुणी समजावून सांगितलं नाही. तो गेल्यावर पहिल्याच मंगळवारी मी आत गेले, घोंगडी पाहिली, तिची शाल पाहिली, आणि जाऊन तिच्याजवळ बसले. मला सुतक कळायला इंग्रजी लागत नाही.

सुलेखाने हे सगळं हॅलोरनबाईला सांगितलं. बाई म्हणाली, वर्ग वाचवायला सगळेच काही ना काही सांगतात. सुलेखाचा तो वर्ग, तेव्हा तिच्या शब्दाला किंमत नाही. किंमत कुणाच्या शब्दाला आहे? कमिटीत बसणाऱ्याच्या.

आता तुझे वडील गेले ते वर्ष आठव. मी सिन्नरहून नुकतीच तुझ्याकडे आले होते. मंडळाच्या दिवाळीला शैला नवी पैठणी नेसून तयार बसली होती, तू तिला साडी बदलायला लावलीस. वर्ष व्हायचंय म्हणालास. आणि ऑफिसच्या नाताळच्या पार्टीत कुणी साहेबीण तुला हात धरून नाचायला ओढत होती, तेव्हा तू तिला सांगितलंस की माझे वडील गेलेत, आमच्यात वर्षभर असलं काही करत नाहीत. ती सॉरी म्हणाली आणि तुझ्याजवळ खुर्ची ओढून बसली. हे तूच मला घरी येऊन सांगितलंस, टाय सोडत सोडत. तुझा ऊर भरून आला होता, माझाही. ती साहेबीण हॅलोरनबाई नाही का? तिचंच नाव घेतलं होतंस तू.

तिला एकदा कळलेलं आहे. तू नुसती आठवण करून द्यायची होतीस.

फोनवर तू म्हणालास, आई, कमिटीत असताना घरचं माणूस तिथे आहे हे सांगणं बरं दिसत नाही. मी फोन ठेवला तो या वाक्यावर. आणि परवा कांचनने मला दुकानात जे सांगितलं ते याच्या आधीचं आहे. ती म्हणाली, अय्या काकू, तुम्ही इथे? प्रतापराव तर मंडळात सांगत होते की तुम्ही सिन्नरला गेलात, हवा मानवली नाही. दोन वर्षं झाली म्हणे सांगताहेत.

म्हणजे मी दोन वर्षं इंडियात आहे. मुलीच्या घरी राहणारी आई असण्यापेक्षा सात समुद्रांपलीकडची आई बरी. तुझ्या घरी मी दिवसभर खिडकीतून शेजाऱ्यांच्या गॅरेजचं दार बघत बसायचे. एक दिवस म्हटलं, मला थोडे दिवस सुलेखाकडे सोड. तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस. मला वाटायचं, भावाबहिणीचं भांडण आहे, निवळेल. आता कळतं, तुला तिचा राग नाही, लोकांची भीती आहे.

आशीर्वाद आहेतच. ते काय मी परत घेणार नाही.

आई


गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रताप,

तुझं पत्र आलं नाही. शैलाचा फोन आला, की त्यांच्या मनावर फार ताण आहे. असू दे. ताण आला की माणूस विचार करतो.

इकडे फुटबॉलमध्ये ते बेअर्स जिंकले म्हणून सगळं शहर वेडं झालं होतं, ते तुम्हीही पाहिलंच असेल. अल्विन रडला. तो म्हणाला, वॉलेस तीस वर्षं त्या टीमला शिव्या देत थांबला आणि जिंकायच्या महिनाभर आधी गेला, याला म्हणतात माझ्या मित्राचं नशीब. वॉलेसची ती बेअर्सची टोपी आता झाकलेल्या ढोलावर असते. मला अल्विनने तसलीच एक आणून दिली. मी पदरावरून घालते. सीमाला सांग, आजी पदर घेतलेल्या अस्वलासारखी दिसते. हसेल ती.

आता कामाचं.

सुलेखाने मंगळवारी सगळ्यांसमोर हात जोडले. खरोखर जोडले, आपण जोडतो तसे. म्हणाली, महिन्याअखेर बंद होणार. मी कमिटीला विनंती करते की एकदा परत या. ते आले तर तेवढा एक तास घोंगडी काढू या, नुसतं चालू या. एक तास. मग परत झाका.

लोरेन चष्मा पुसत होती. मग म्हणाली, माझी आई गेली तेव्हा मला सरकारी शाळेत ठेवलं होतं. मला घरी जाऊ दिलं नाही आणि त्या रात्री शाळेत पाहुणे होते म्हणून आम्हा मुलींना नाचायला लावलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आता सत्तरीची आहे. मला दुसऱ्यांदा कुणी लावणार नाही.

सुलेखा खाली बसली. तिने परत विषय काढला नाही.

मी काय म्हणावं? वर्ग बंद झाला तर काय होईल ते मला दिसतं. लोरेन चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट बंद असते. मंगळवार-गुरुवार सुलेखाची व्हॅन येते म्हणून ती खाली उतरते. व्हॅन आली नाही तर कशाला उतरेल? अल्विनच्या पायाची बोटं गेल्या वर्षी कापणार होते, ती या चालण्यावर वाचली. हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक घोंगडी. तरी मला वाटतं लोरेनचं खरं आहे. मी घरी येऊन भाजी चिरता चिरता सुलेखाला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, मला काय ते कळत नाही का आई, पण मी काय करू. आणि मग मला राहवलं नाही आणि मी तिला तुझं सगळं सांगून टाकलं. हात मिळवलास ते, इंडियात पाठवलंस ते, वडी घेतली नाहीस ते.

मला वाटलं ती ओरडेल. ती आधी हसली. म्हणाली, दादा आला होता? बर्फ झटकून आत आला? मग गेली मोरीत आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच राहिली. बाहेर आल्यावर एकच विचारलं, बारीक झालाय का गं तो?

झालास. मी तिला नाही म्हटलं.

तिने तुला फोन करायला घेतला होता, मी हात धरला. म्हटलं, सख्ख्या बहिणीने सांगितल्यावर तो तुझ्यावरच उलटेल, हे माझं काम आहे.

आणि लोरेनलाही मी सांगितलं. माझ्या तोडक्यामोडक्या शब्दांत, हाताने उंची दाखवत, दॅट मॅन, माय बॉय. तिला वेळ लागला. मग तिने सगळ्या खोलीला सांगितलं. कुणी तुला वाईट म्हणालं नाही, ते तुला माहीत असू दे. अल्विन फक्त म्हणाला, मग त्याला कुणीतरी सांगायला हवं की त्याची आई परत आली आहे. लांबून आली आहे, दमली असेल, त्याच्या ऑफिसात तिला जरा बसू देतील का?

सगळे हसले. लोरेनसुद्धा हसली. त्यावरून जे पुढे ठरलं ते मी तुला लिहीत नाही. कळेलच.

आई


बुधवार, १९ फेब्रुवारी

प्रताप,

काल मंगळवार. काल आमचा वर्ग शॉमबर्गला तुमच्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर भरला. तू मधूनच आलास आणि मधूनच गेलास, म्हणून आधीचं आणि नंतरचं सांगते.

काय सुंदर जागा आहे रे ती. काचेच्या भिंती, आत खरी झाडं, आणि बाहेर गुडघाभर बर्फ असताना आत कारंजं. सोफे तर इतके मऊ की माझे पाय जमिनीला टेकेनात. तू रोज अशा ठिकाणी जातोस हे पाहून मला बरं वाटलं. रागात होते तरी वाटलं. लोरेनला दाखवलं मी, माय बॉय, हिअर, एव्हरी डे. ती म्हणाली, गवत नाही पण हिरवं पुष्कळ आहे.

आम्ही कोट काढून नीट घड्या केल्या, थर्मासातली कॉफी ओतली आणि बसलो. एका सोफ्यावर वॉलेसची टोपी ठेवली. टेबलामागच्या मुलीने विचारलं, कुणाला भेटायचं आहे? अल्विन म्हणाला, कुणालाच नाही, आम्ही बसायला आलो आहोत. तुमच्या कमिटीने लिहिलंय की आम्ही नुसते बसतो. म्हटलं, ज्यांनी पैसे दिले त्यांना दाखवावं तरी किती चांगलं बसतो ते.

गार्ड आला. लोरेनने त्याला कॉफी दिली. तो उभ्या उभ्या प्यायला आणि म्हणाला, माझ्या आजीचे गुडघेही असेच आहेत. सुलेखा गाडीत बसून होती, तिला आत येऊ नको असं लोरेननेच सांगितलं होतं, तिच्या नोकरीवर यायला नको म्हणून.

मग जेवायची वेळ झाली, लिफ्ट उघडली आणि तुम्ही उतरलात. हॅलोरनबाई, तो घड्याळवाला, आणखी दोघे, आणि तू. तू पाहिलंस मला. या वेळी पाहिलंस. डोळ्यांत डोळे घालून पाहिलंस आणि चालत राहिलास. मनात म्हटलं, सुमित्रा, तू खरंच इंडियात आहेस.

मग तू त्या फिरत्या दारात शिरलास. आणि दाराबरोबर पूर्ण फिरून परत आत आलास. परत आल्यावर अल्विनने ते दहादा करून दाखवलं, खुर्चीभोवती फिरून. मला हसू येतं. तेव्हा नाही आलं.

तू माझ्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, आई, स्वेटरची बटणं लाव. दारातून वारा येतोय.

मराठीत म्हणालास. सगळ्यांसमोर. लोरेनला माझे चार शब्द येतात, त्यांत आई येतो. तिने हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

एवढ्यावर थांबला असतास तर आज मी हे पत्र गोड लिहिलं असतं. पण हॅलोरनबाईने विचारलं, प्रताप, तू यांना ओळखतोस? तू म्हणालास, ही माझी आई. बाई म्हणाली, पण तुझी आई तर इंडियात. तुझे कान लाल झाले. आणि मग तू म्हणालास, ती तिकडे व्हॉलंटियर म्हणून जाते.

व्हॉलंटियर. म्हणजे त्या बिचाऱ्यांची सेवा करायला जाणारी मोठ्या घरची बाई. प्रताप, मी कुणाची सेवा करत नाही. मी माझ्या गुडघ्यांसाठी जाते. कॉफीसाठी जाते. तिथे मला कुणी विचारत नाही की तुमचा मुलगा काय करतो. तू मला कबूल केलंस ते अर्धंच, नव्या साडीत गुंडाळून, लोकांत नेण्यासारखी करून. लोरेनच्या शेजारी बसलेली, तिच्यासारखीच म्हातारी, तिच्यासारखीच सूज आलेली आई तुला अजून सांगता येत नाही.

नंतर बाईने लोरेनला विचारलं, आम्ही परत येऊ, तेव्हा तुम्ही आम्हाला खरा वर्ग दाखवाल ना? लोरेन म्हणाली, पाहिलात तो खराच होता. परत याल तेव्हाही ढोल झाकलेलाच असेल. बाई म्हणाली, का?

लोरेनने उत्तर दिलं नाही. का द्यावं? कारंज्याशेजारी उभ्या असलेल्या परक्या बाईसमोर तिने आपला भाऊ का मांडावा? ती तुझ्याकडे बघत राहिली. अल्विन बघत राहिला. मी बघत राहिले. तुला माहीत होतं. मी जानेवारीतच लिहिलं होतं, आणि पत्र पोचलं होतं, शैलानेच सांगितलं. तू म्हणालास, आपल्याला उशीर होतोय, टेबल बुक आहे.

तेव्हा मी उठले. तुझ्याजवळ आले, आणि तुला वाटलं मी मारते की काय, डोकं मागे घेतलंस. मी फक्त तुझी कॉलर सरळ केली.

परतताना व्हॅनमध्ये सगळे खूश होते. म्हणाले, परत येतात म्हणजे अजून बंद झालं नाही. सुलेखा गाडी चालवत होती, तिने मला आरशातून तीनदा विचारलं, बटणं लाव म्हणाला? तसंच म्हणाला? मी तीनदा सांगितलं.

आता नीट ऐक. तुला भाषण करायचं नाही. कमिटीतून राजीनामा द्यायचा नाही. त्या बाईला एवढंच सांगायचं की तुला आठवतं का, माझे वडील गेले त्या नाताळात मी नाचलो नाही आणि तू माझ्याजवळ खुर्ची ओढून बसलीस. हे लोक तेच करताहेत. बस. तिला कळेल, ती काही दुष्ट नाही, तिने कोपऱ्यातल्या अल्विनला स्वतःहून हात दिला होता. आणि नाही कळलं, वर्ग बंदच झाला, तर झाला. मग आम्ही सुलेखाच्या बैठकीच्या खोलीत बसू, खुर्च्या शेजाऱ्यांच्या आणू. लोरेनला चार मजले मी खाली आणीन, मला आता जिने येतात. पण तुला माहीत असून तू गप्प राहिल्याने तो बंद झाला, तर मी खरोखर सिन्नरला जाईन. म्हणजे मग तुला खोटं बोलावं लागणार नाही.

रथसप्तमी होऊन गेली. तिळगूळ तिच्यानंतर ठेवत नाहीत. मी तुझी वडी ठेवली आहे, पावडरच्या दुधाच्या रिकाम्या डब्यात, सुलेखाच्या नवऱ्याला, अनिलला, हात लावू दिलेला नाही. एव्हाना अल्विन म्हणतो तशी भिंतीत बसवण्यासारखी झाली असेल. तरी खावी लागेल.

लोरेनच्या एका बाजूला मी असते. दुसऱ्या बाजूला वॉलेसची खुर्ची, तिच्यावर कुणी बसत नाही. माझ्या पलीकडची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवते. कोट, टाय, काय घालायचं ते घाल. हातमोजे घाल. आणि या खेपेला ती टोपीवाली, तो घड्याळवाला, कुणी यायच्या आत, सगळ्यांत आधी तू ये.

शैलाला, सीमाला, आणि तुला पूर्ण आशीर्वाद. पाहुणे पुढच्या आठवड्यात गुरुवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी दहा वाजता परत येतो म्हणालेत.

आई